अमेरिकेतली दरी, राइश यांचा पिक्चर आणि ट्रेंटनचा पूल

'इनइक्वॅलिटी फॉर ऑल' ही डॉक्युमेंटरी मी पहिल्यांदा बघितली २०१३ साली, नुकतीच आली होती तेव्हा, आणि गेल्या महिन्यात परत बघितली, या वेळी मुलीबरोबर. तिला शाळेत इकॉनॉमिक्सच्या तासाला त्यातला थोडा भाग दाखवला होता आणि उरलेला बघायचा होता. रॉबर्ट राइश हे त्यातले मुख्य माणूस. १९९३ ते १९९७ ते क्लिंटन सरकारात कामगार मंत्री होते, पुढे बर्कलीच्या विद्यापीठात शिकवायला लागले आणि तिथल्या त्यांच्या लेक्चर्सच्या आधाराने अख्खा पिक्चर पुढे जातो. समोर शेकडो पोरं बसलेली, आणि हा बुटकासा प्रोफेसर त्यांना विचारतोय की कुठला समाज चांगला, आणि दरी किती वाढली की ती जास्त झाली म्हणायचं.

त्यात एक ग्राफ आहे. अमेरिकेतल्या एकूण उत्पन्नातला किती वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला, त्याची जवळपास शंभर वर्षांची रेघ. १९२८ ला ती चढत चढत २३ टक्क्यांच्या वर जाते, मग उतरते, मधली तीस-चाळीस वर्षं खालीच राहते, १९८० च्या आसपास परत चढायला लागते आणि २००७ ला पुन्हा तिथेच, २३ च्या वर. राइश म्हणतात हे झुलत्या पुलासारखं दिसतं बघा, दोन टोकांना दोन उंच खांब आणि मध्ये खाली आलेली केबल. दोन्ही खांबांच्या पुढच्याच वर्षी काय झालं ते सांगायला नको, १९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि २००८ ला मोठं आर्थिक संकट आलं.

पूल म्हटलं की मला ट्रेंटन आठवतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, फिलाडेल्फियाकडे जाताना रूट वनने डेलावेअर नदी ओलांडतो तेव्हा शेजारी एक जुना लोखंडी पूल दिसतो, त्याच्यावर माणसापेक्षा उंच अक्षरं आहेत, रात्री लाल पेटतात. 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स'. म्हणजे ट्रेंटन बनवतं आणि जग घेऊन जातं. एके काळी ते खरंच होतं. चिनी मातीची भांडी, रबर, आणि रोबलिंग कंपनीची तारेची दोरखंडं, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या केबल याच कंपनीने बनवल्या. ते काम १९७० च्या दशकात बंद पडलं. आज तुम्ही ट्रेंटनच्या रस्त्यांवरून गाडी चालवलीत तर फळ्या मारलेली घरं ओळीने दिसतील, आणि तिथून जेमतेम २० किलोमीटरवर प्रिन्स्टन आहे, तिथली हिरवळ, तिथली घरं, ते जग वेगळंच. मी दोन्हीकडे कामानिमित्त जातो आणि इतकी वर्षं झाली तरी मला त्या २० किलोमीटरची सवय झालेली नाही.

माझं म्हणणं असं आहे की ही दरी निसर्गाने केलेली नाही, माणसांनी केली, कायदे करून केली, आणि कुठल्या साली कुठला कायदा हे दाखवता येतं. राइश यांच्या पिक्चरची खरी ताकद मला यात वाटते. श्रीमंतांना शिव्या घालणं त्यात फारसं नाहीच. आणि आपल्या मराठी माणसांनी हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण आपण अमेरिकेकडे बघतो ते बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरून. एमएस करायचं, नोकरी, एचवनबी व्हिसा, घर, गाडी, ग्रीन कार्डची लाइन. मग गावाकडच्या माणसांना आपण सांगतो की इथे कष्ट करणाऱ्याला कुणी अडवत नाही, आणि सांगता सांगता आपल्यालाही ते पटून जातं. माझे काका पुण्याहून दोनदा येऊन गेले, त्यांचं ठाम मत झालं, "अरे, इथले गरीबसुद्धा गाडीतून फिरतात, ह्यांना कसली गरिबी!" मी त्यांना म्हटलं, काका, इथे गाडी नसेल तर कामावर पोचता येत नाही, बस तासाला एक असते नाहीतर नसतेच, आणि ती गाडी बिघडली की त्या माणसाची नोकरी जाते. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही, असं मला वाटतं.

त्या ग्राफची केबल मध्ये खाली आली ती आपोआप आली नाही. १९३५ ला वॅग्नर कायदा झाला, त्याने युनियन काढायचा आणि मालकाला वाटाघाटीला बसवायचा हक्क पक्का झाला. १९३८ ला देशभरासाठी किमान वेतन आलं, तासाला २५ सेंट, आणि ओव्हरटाइमला दीडपट. १९४४ ला जीआय बिल, युद्धावरून आलेल्या लाखो पोरांना सरकारी खर्चाने कॉलेज आणि घरासाठी कर्ज. १९५० च्या दशकात साधारण तीनातला एक कामगार युनियनमध्ये होता. आणि सगळ्यात वरच्या उत्पन्नावरचा इन्कम टॅक्स ९१ टक्के, तोही आयझेनहॉवर या रिपब्लिकन प्रेसिडेंटच्या काळात. हा दर सगळ्या कमाईवर नव्हता, एका मोठ्या रकमेच्या वरच्या डॉलरवर होता, आणि पळवाटाही होत्याच, पण तेव्हा अमेरिका बुडाली नाही, उलट याच वर्षांत कारखान्यातल्या साध्या फिटरने घर घेतलं, एका पगारावर चार माणसं पोसली, पोरं कॉलेजात घातली. आपण 'अमेरिकन ड्रीम' म्हणतो ते त्या वर्षांचं आहे.

इथे पिक्चरवर माझा एक आक्षेप आहे आणि तो छोटा नाही. ती सोन्याची वर्षं सगळ्यांची नव्हती. वॅग्नर कायद्यातून आणि किमान वेतनाच्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या, आणि दक्षिणेतल्या काळ्या लोकांपैकी फार मोठा भाग याच दोन कामांत होता. घरकर्जाची सरकारी हमी देताना काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून बाजूला टाकल्या गेल्या. गोऱ्या फिटरला स्वस्त व्याजाने घर मिळालं, त्याची किंमत पन्नास वर्षं वाढत गेली, ते मुलांना मिळालं, आणि काळ्या फिटरने तेवढाच काळ भाडं भरलं. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, सर्व्हेत मधल्या (सगळ्यांना संपत्तीप्रमाणे ओळीने उभं केलं तर बरोबर मध्ये येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची एकूण मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. राइश यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. लहानपणी ते उंचीला फार कमी, पोरं मारायची, तेव्हा ते मोठ्या मुलांशी मैत्री करायचे म्हणजे ती सांभाळून घेतील. त्यातला एक मायकल श्वर्नर. १९६४ च्या जूनमध्ये मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी करायला गेलेल्या श्वर्नर आणि त्याच्या दोन साथीदारांना मारून मातीच्या बांधाखाली पुरलं. ही आठवण ते पिक्चरमध्ये सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. म्हणूनच मला वाटलं की ग्राफच्या मधल्या भागाबद्दल बोलताना त्यांनी इथे अजून थांबायला हवं होतं.

मग केबल परत वर का गेली. तारखा बघा. ३ ऑगस्ट १९८१ ला विमानतळांवरच्या ट्रॅफिक कंट्रोलर्सनी संप केला, प्रेसिडेंट रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ५ तारखेला ११ हजारांहून जास्त लोकांना कामावरून काढून टाकलं. सरकारच असं करतंय म्हटल्यावर खाजगी मालकांना कळायचं ते कळलं. त्यानंतर मोठे संप होणंच कमी कमी होत गेलं. आज युनियनमध्ये साधारण दहातला एक कामगार आहे, खाजगी क्षेत्रात तर शंभरातले सहा. त्याच दशकात वरचा टॅक्स ७० टक्क्यांवरून २८ वर आला. १९८२ ला एक नियम आला ज्याने कंपन्यांना स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घ्यायचा रस्ता मोकळा झाला. म्हणजे नफा झाला तर पगारवाढ द्यायची, नवीन मशीन घ्यायचं, की स्वतःचे शेअर घेऊन भाव वर ढकलायचा, तर तिसरं सगळ्यात सोपं, कारण वरच्या साहेबांचा पगारच शेअरमध्ये बांधलेला. आणि तो तसा बांधला जायला १९९३ च्या एका कायद्याने मदत केली, ज्यात मोठ्या साहेबांच्या दहा लाख डॉलरवरच्या पगाराची टॅक्समधली सूट काढली पण कामगिरीवर आधारलेला पगार त्यातून वगळला, मग सगळे स्टॉक ऑप्शनकडे, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायच्या हक्काकडे, वळले. हे क्लिंटन यांच्या काळात झालं, राइश तेव्हा मंत्री होते. १९६५ च्या सुमाराला मोठ्या कंपनीच्या सीईओला साध्या कामगाराच्या वीसेकपट मिळायचं, आता अडीचशेपटीच्या वर.

१९८१ चं ते वाचताना मला दर वेळी आमचं घर आठवतं. ट्रॅफिक कंट्रोलर्सना काढल्याला सहा महिनेही झाले नव्हते, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. दोन्हींची कारणं वेगळी आणि एकमेकांशी संबंध काही नाही, हे मला माहीत आहे. पण माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आधी सहा वर्षं बदली, रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी आला नाही तर काम, नाहीतर घरी. कायम झाले आणि पाच वर्षांत संप. गिरणी परत उघडली तेव्हा त्यांना घेतलं नाही. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन झाले, रात्रपाळी, शेवटपर्यंत. माझ्या बाबांइतकं कष्ट करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, इथे सिलिकॉन व्हॅलीवाल्यांना भेटलो तरी नाही. म्हणून कुणी म्हणालं की मागे पडले ते आळशी म्हणून मागे पडले, तर माझ्याच्याने ते ऐकवत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की हे सगळं चीनमुळे आणि कॉम्प्युटरमुळे झालं, कायद्यांमुळे नाही. त्यात तथ्य आहे, ट्रेंटनसारख्या कितीतरी गावांतून काम बाहेर गेलं हे कुणी नाकारत नाही. पण मग जर्मनीकडे बघा ना. तिथे चीन नव्हता का? तिथे रोबो नव्हते का? अमेरिकेपेक्षा जास्तच असतील कारखान्यांत. दरी तिथेही वाढली, पण इतकी नाही. तिथे १९७६ चा कायदा आहे, दोन हजारांच्या वर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर अर्ध्या जागा कामगारांच्या. कारखाना बंद करायचा की बाहेर न्यायचा हे ठरतं त्या टेबलावर कामगार बसलेला असतो. वारा सगळीकडे सारखाच आला, एकाच्या घराला दारं-खिडक्या होत्या आणि दुसऱ्याने त्या काढून ठेवल्या होत्या.

पिक्चरमधला मला सगळ्यात पटलेला भाग म्हणजे साधी माणसं इतकी वर्षं तगली कशी याचं उत्तर. पुरुषांचे पगार थांबले. पिक्चरमधले आकडे महागाई धरून आहेत, १९७८ ला मधल्या पुरुष कामगाराला वर्षाला साधारण ४८ हजार डॉलर आणि वरच्या एक टक्क्यातल्या माणसाला सरासरी ३ लाख ९० हजार, २०१० ला तोच कामगार ३३-३४ हजारांवर आणि वरचा ११ लाखांवर. मग घरातल्या बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, म्हणजे हौसेने गेलेल्याही होत्या पण बहुतेक घरात तो दुसरा पगार गरजेचा होता. तेही पुरेना तेव्हा सगळ्यांनी तास वाढवले, दोन दोन नोकऱ्या. तेही संपलं तेव्हा कर्ज, घराची किंमत वाढतेय ना, मग घरावर अजून कर्ज काढा. २००८ ला तोही रस्ता बंद झाला. लोक उधळे होते म्हणून बुडाले असं आपल्यातले बरेच जण तेव्हा म्हणत होते, मीही कदाचित म्हटलं असेल. हा क्रम बघितल्यावर ते म्हणणं बरोबर वाटत नाही.

श्रीमंत नोकऱ्या निर्माण करतात, त्यांना हात लावू नका, या मुद्द्याला पिक्चरमध्ये एका श्रीमंतानेच उत्तर दिलंय. सिएटलचे निक हनॉअर, घरचा उशांचा धंदा, ॲमेझॉनमध्ये अगदी सुरुवातीला पैसे घातलेले. ते म्हणतात मी इतरांच्या हजारपट कमावतो, पण हजारपट उशा घेऊन झोपत नाही, गाड्या हजारपट घेत नाही, पँट पण मोजक्याच घेतो. अमेरिकेची साधारण ७० टक्के अर्थव्यवस्था लोकांच्या खरेदीवर चालते. खरेदी करणाऱ्यांचाच खिसा रिकामा झाला तर उशा घेणार कोण. दुकानदाराच्या घरी वाढलेल्या कुणालाही हे एका मिनिटात कळतं.

पण पिक्चर मुख्यतः बोलतो उत्पन्नाबद्दल, आणि माझ्या मते आता खरी गोष्ट उत्पन्नापेक्षा मालमत्तेची झालीय. वरच्या ४०० लोकांकडे खालच्या १५ कोटी लोकांपेक्षा जास्त संपत्ती आहे, हे त्यात येतं, पण येऊन जातं. फेडरल रिझर्व्हचेच आकडे आहेत, देशातल्या सगळ्या संपत्तीपैकी जवळपास ३० टक्के वरच्या एक टक्क्याकडे आणि खालच्या अर्ध्या अमेरिकेकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन कुटुंबाची सरासरी मालमत्ता २०२२ ला १० लाख डॉलरच्या वर होती, आणि अगदी मधल्या कुटुंबाची १ लाख ९३ हजार. सरासरी आणि मधला यांच्यात पाचपटीचा फरक, एवढं वरचे लोक ती सरासरी ओढून नेतात.

पगारावर दर पंधरा दिवसांनी टॅक्स कापला जातो, मालमत्तेचं तसं नाही. शेअर १०० डॉलरला घेतले, १०,००० चे झाले, विकले नाहीत तर टॅक्स नाही. पैसे हवेत तर शेअर गहाण ठेवून कर्ज काढायचं, कर्जावर टॅक्स नसतो. आणि माणूस गेला की मुलांच्या नावावर ते १०,००० लाच घेतले असं धरलं जातं, मधल्या ९,९०० वर कुणीच कधीच इन्कम टॅक्स भरत नाही. इस्टेट टॅक्स, म्हणजे माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा, वेगळा आहे, पण २०२४ ला तो माणशी १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच लागायचा. वॉरन बफे या अब्जाधीश गुंतवणूकदारांनी २०११ ला स्वतः जाहीर लिहिलं होतं की माझ्या ऑफिसातल्या वीस जणांपैकी कुणाहीपेक्षा माझा टॅक्सचा दर कमी पडतो, बफे यांचा १७.४ टक्के, बाकीच्यांचा सरासरी ३६. हे लिहिल्याला चौदा-पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून काय बदललं? २०१७ च्या कायद्याने कंपन्यांचा टॅक्स ३५ वरून २१ टक्के झाला. देशाचं किमान वेतन जुलै २००९ पासून ७ डॉलर २५ सेंट आहे ते तिथेच आहे, एक सेंट वाढलेला नाही. न्यू जर्सीने स्वतःचं किमान वेतन १५ च्या वर नेलं, पण ट्रेंटनचा पूल ओलांडून पलीकडे पेनसिल्व्हेनियात पाऊल ठेवलं की परत सव्वासात. नदी तीच, ब्रेडचा भावही तोच.

आणि यात आपणही आहोत. न्यू जर्सीत कुणाही मराठी कुटुंबाला घर घ्यायचं असेल तर पहिला प्रश्न काय असतो? स्कूल डिस्ट्रिक्ट कुठला, म्हणजे त्या पत्त्यावरून मुलांना कुठली सरकारी शाळा मिळणार, आणि रेटिंग किती. किचन नंतर, बेसमेंट नंतर. शाळांना पैसा मोठ्या प्रमाणात त्या गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून मिळतो. म्हणून महाग घरांच्या गावात चांगली शाळा, चांगली शाळा म्हणून घरं अजून महाग, आणि ज्यांना तिथे घर परवडत नाही त्यांची पोरं बाहेर. आम्ही घर घेतलं २००६ ला. आज त्याची किंमत दुपटीच्या आसपास आहे, मी त्यासाठी काहीही केलेलं नाही, गवत कापलं आणि हप्ते भरले. वर कर्जाच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळायची. भाड्याने राहणाऱ्याला भाड्यावर तशी सूट देशपातळीवर नाही. मी चोरी केलेली नाही, मुलीला चांगल्या शाळेत घालणं हा गुन्हा नाही, पण माझी मालमत्ता माझ्या हुशारीने वाढली असं मी तिला सांगितलं तर ते खोटं होईल.

हे बदलता येतं याचाही पुरावा याच राज्यात आहे म्हणून सांगतो. ॲबट विरुद्ध बर्क म्हणून एक केस आहे. १९९० ला न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या शाळांइतका पैसा मिळालाच पाहिजे, ती शहरं म्हणजे नेवार्क, कॅम्डन, ट्रेंटन वगैरे, पुढे असे ३१ डिस्ट्रिक्ट झाले. १९९८ ला कोर्टाने तिथल्या तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी चांगली मोफत बालवाडी चालवायला लावली. उपनगरांतल्या लोकांनी टॅक्स वाढला म्हणून भरपूर विरोध केला, अजून करतात, आमच्या पार्ट्यांमध्येसुद्धा "आपला पैसा तिकडे जातो" हे वाक्य मी ऐकलेलं आहे. मला ते वाक्य बरं वाटत नाही. तो पैसा तिकडे जातो म्हणून तिथलं एक चार वर्षांचं पोर आज सकाळी वर्गात बसलेलं आहे.

टॅक्सबद्दल बोलतोय तर एक गोष्ट, आपल्या लोकांनी विसरू नये अशी. अमेरिकेत इन्कम टॅक्सला घटनादुरुस्तीने पक्की जागा मिळाली फेब्रुवारी १९१३ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. तिथले त्यांचे शिक्षक एडविन सेलिग्मन, कमाई जास्त त्याला कराचा दर जास्त, या विचाराची सविस्तर मांडणी करणाऱ्या त्या काळच्या मोठ्या अभ्यासकांपैकी एक. म्हणजे हा वाद अमेरिकेत ऐन भरात होता तेव्हा बाबासाहेब त्याच इमारतींमध्ये बसून अर्थशास्त्र शिकत होते. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणात समता आणि समाजात, आर्थिक जीवनात विषमता, असं फार काळ चालवलं तर लोकशाहीच धोक्यात येईल. ते भारताबद्दल बोलत होते. पण २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर अमेरिकेत निवडणुकीच्या प्रचारावर कंपन्या स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू शकतात, आणि राइशही शेवटी नेमकं याच ठिकाणी येतात, पैसा वर गेला की त्याच्या मागोमाग कायदे करायची ताकदही वर जाते, आणि मग ते कायदे अजून पैसा वर नेतात. प्रत्येक माणसाला मत मिळतं पण मताची किंमत सारखी राहत नाही.

आता मी जिथे काम करतो तिथलं सांगतो, कारण आकड्यांपेक्षा मला हेच जास्त दिसतं. आमच्या मजल्यावर संध्याकाळी साडेसहाला सफाईला एक बाई येतात, मूळच्या इक्वाडोरच्या. पाठीवर दप्तरासारखा व्हॅक्यूम बांधलेला, एका हाताने वायर सांभाळत, खुर्च्या पायाने सरकवत जातात. मी या ऑफिसात लागलो त्याच्या आधीपासून त्या इथे आहेत. मला आल्यापासून चार प्रमोशनं मिळाली, कंपनीचे शेअर मिळाले, पेन्शन खात्यात कंपनी पैसे घालते. त्यांचा मात्र टी-शर्टचा रंग बदलला, दोन वेळा. आधी निळा, मग हिरवा, आता करडा. कारण त्या आमच्या कंपनीच्या नाहीतच, सफाईचं कंत्राट दिलेलं आहे, दर काही वर्षांनी सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला ते जातं, आणि प्रत्येक नव्या कंत्राटदाराकडे त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होते, सुट्ट्या शून्य, तासाचा दर सुरुवातीचा. मजला तोच, कचऱ्याच्या टोपल्या त्याच, बाई त्याच. त्या सकाळी एका शाळेच्या कँटीनमध्ये पण जातात. रात्री ९:१० ची बस चुकली तर पुढची १०:१० ला, म्हणून फोनवर नऊचा अलार्म लावलेला असतो, तो वाजला की त्या व्हॅक्यूमची वायर गुंडाळायला लागतात.

बाबा गेटवर उभे राहायचे ते हेच. नाव बदलीऐवजी कंत्राट, एवढंच.

माझ्या मागण्या काही क्रांती वगैरे नाहीत. देशाचं किमान वेतन वाढवा आणि महागाईला बांधून टाका म्हणजे इतकी वर्षं अडकणार नाही. वारशात मिळालेल्या शेअरच्या वाढीवर टॅक्स लावा. युनियन काढणाऱ्या माणसाला नोकरीवरून काढलं तर मालकाला झोंबेल असा दंड ठेवा. आणि सफाईचं, कँटीनचं, पहारेकऱ्याचं काम जी कंपनी करून घेते तिची त्या माणसाबद्दल काहीतरी जबाबदारी धरा, कंत्राटदार कुणीही असो. यातल्या एकाही गोष्टीने कुणी भिकेला लागणार नाही.

न्यू जर्सीत २०२३ ला या शेवटच्या बाबतीत एक कायदा झालाय, कंत्राट बदललं तर नव्या कंत्राटदाराने आधीच्या सफाई कामगारांना निदान ६० दिवस कामावर ठेवलंच पाहिजे. आमच्या इमारतीचं कंत्राट आता परत बदलतंय. मागच्या गुरुवारी त्या बाईंनी मला पॅन्ट्रीतल्या बोर्डवर लावलेली नोटीस वाचून दाखवायला सांगितली, इंग्लिश वाचायला त्यांना वेळ लागतो. मी वाचली, सावकाश, दोनदा. साठ दिवस तुम्हाला कुणी काढू शकत नाही, असं सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग विचारलं, "आणि एकसष्टाव्या दिवशी?" मी नोटीस परत वरपासून खालपर्यंत वाचली. त्याबद्दल तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं. नऊचा अलार्म वाजला आणि त्या वायर गुंडाळायला लागल्या.